जहाजांच्या पोटाखालचे डॉक्टर

लंडनच्या ईलिंग भागात एका शाळेचा हॉल भाड्याने घेऊन आमचं मंडळ गणपती बसवायचं. आरती संपून जेवणाची रांग लागली की तिच्या बाजूला आणखी एक छोटी रांग लागायची, ती डॉक्टरांपुढे. कोणाचा गुडघा, कोणाची पित्ताची तक्रार, कोणाच्या नातवाच्या अंगावरचे चट्टे. डॉक्टर हातातलं ताट बाजूला ठेवून सगळं नीट ऐकून घ्यायचे आणि शेवटी म्हणायचे, "मला यातलं काहीही कळत नाही. हिला विचारा."

ही म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या वहिनी. त्या जीपी, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टर होत्या. आठवडाभर त्यांच्या दवाखान्यात माणसांची रीघ लागलेली असायची. पण मंडळात त्यांना सगळे वहिनीच म्हणायचे आणि मसालेभाताला तांदूळ कुठला वापरलात एवढंच विचारायचे. डॉक्टर मात्र डॉक्टर! त्यांचा नकार लोकांना विनय वाटायचा. एकदा एका आजोबांनी हट्टाने विचारलं, "पण तुम्ही कुठल्या हॉस्पिटलात असता?"

"सुक्या गोदीत," डॉक्टर म्हणाले. "आमच्याकडे पेशंट आला की आधी त्याच्याखालचं पाणी काढून घेतात."

आजोबांना वाटलं, हा फुप्फुसाचा कुठलासा विभाग असावा.

डॉक्टरांची डॉक्टरेट होती बार्नॅकलमधली. जहाजाच्या बुडाला पांढऱ्या, खरखरीत पुटकुळ्यांसारखे जे प्राणी चिकटतात ते बार्नॅकल. दक्षिण किनाऱ्यावरच्या एका बंदरात एक छोटी कंपनी होती, तिच्यात ते कामाला होते. जहाज दुरुस्तीला सुक्या गोदीत आलं की गोदीचं दार लावून पाणी उपसतात आणि ते अवाढव्य धूड ठोकळ्यांवर उघडं पडतं. मग त्याच्या पोटाखाली शिरून काय चिकटलंय, किती जाड थर आहे, कुठे रंगाने दगा दिलाय, याची पाहणी करायची आणि जहाजाच्या मालकाला रिपोर्ट द्यायचा. बुडाला थर चढला की जहाज मंदावतं आणि तेल जास्त जळतं, म्हणून मालकाला त्याची फिकीर. कंपनीचं काम एवढंच होतं.

डॉक्टर त्या रिपोर्टला स्वतःहून एक पान जोडायचे. या थरात कोण कोण या समुद्रातलं नाही, कुठून आलं असावं आणि इथे सुटलं तर काय होईल, याचं ते पान. ते कोणी मागितलेलं नव्हतं. त्या काळी तसा कायदाही नव्हता. मालक ते पान वाचत नसत. कंपनीचा डायरेक्टर तर पाठवण्याआधी काढूनच टाकायचा. डॉक्टरांना हे माहीत होतं. तरी पुढच्या जहाजाला ते पुन्हा तितक्याच सुवाच्य अक्षरात ते पान लिहायचे.

मी त्यांच्या हाताखाली लागले ती ऐंशीचं दशक संपता संपता. माझा नवरा हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालचा डॉक्टर होता. नॉटिंगहॅमहून त्याची बदली या बंदराच्या गावी झाली होती. माझ्याकडे मुंबईची झूऑलॉजीची एमएस्सी होती आणि तोवर तिचा उपयोग कोणालाच झालेला नव्हता. मुलाखतीत डॉक्टरांनी टेबलावर एक शिंपला ठेवला. लांबट, कडेला हिरवी झाक असलेला. म्हणाले, "हे काय आहे?"

लॅटिन नाव जिभेवर येईना. मी घाबरून खरं ते बोलून गेले. "आमच्या मालवणकडे याचं सुकं करतात. खोबरं घालून."

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. मग समोरच्या कागदावर काहीतरी लिहून म्हणाले, "सोमवारपासून या. बूट मोठे घ्या, दोन मोजे घालावे लागतात."

स्वतः ते पुण्याचे आणि कट्टर शाकाहारी. समुद्रातला कुठलाही जीव त्यांनी कधी तोंडात घातलेला नव्हता. कारण विचारलं तर म्हणायचे, "मी ज्यांच्याविषयी लिहितो त्यांना खात नाही."

माणसांना ते सरसकट 'अहो' म्हणायचे. मी त्यांच्याहून पंचवीस वर्षांनी लहान, तरी मी 'अहो ताई'. 'तू' फक्त प्राण्यांना. गोदीच्या तळाशी, डोक्यावर हजारो टनांचं जहाज आणि अंगावर टपटपणारं गार पाणी, अशात त्यांचा आवाज ऐकू यायचा, "अगं, तू इथे कशी? तुला तर ऊन लागतं!" कोणाशी बोलताहेत म्हणून मी वळून बघायचे, तर भिंग डोळ्याला लावून ते जहाजाच्या पत्र्याला नाक चिकटवून उभे असायचे.

त्यांचा बॉयलर सूट इस्त्री केलेला असायचा. पँटच्या पायाला कडक घडी. गोदीतले लोक हसायचे, पण त्यांच्यासमोर जपून बोलायचे. कारण 'बूड घाण झालंय' असं कोणी म्हटलं की डॉक्टर थांबवायचे. "घाण नाही. वस्ती आहे." मग ती वस्ती समजावून सांगायचे. आधी चिकटा धरतो, मग शेवाळ येतं, मग बार्नॅकल, आणि त्यांच्या फटीत बारीकसारीक किडे-खेकडे संसार थाटतात. एका ग्रीक कॅप्टनला त्यांनी नुसत्या त्या थरावरून सांगितलं, "तुमचं जहाज गेल्या वर्षी तीनेक महिने उबदार, उथळ पाण्यात हललेलं नाही." कॅप्टनचा चेहरा उतरला. जहाज उभं होतं हे त्याने मालकालाही सांगितलं नव्हतं म्हणे. डॉक्टरांना त्याचं काही नव्हतं. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की ते पाणी नदीच्या मुखापाशी होतं का.

घरी त्यांच्या फ्रीजमध्ये दह्याच्या रिकाम्या डब्यांत नमुने असायचे. वहिनींनी त्यावर तोडगा काढला होता. नमुन्यांवर चिठ्ठ्या लावायच्या नाहीत, जे खायचं आहे त्यावर लावायच्या. 'हे खायचं आहे' अशी चिठ्ठी नसेल ते उघडायचं नाही. त्यांची मुलगी इंग्लंडातच जन्मलेली. आमच्याकडे आली की फ्रीज उघडून गंभीरपणे विचारायची, "मावशी, हा दही खायचा आहे?"

एकदा लंडनजवळ पिनरला एका सर्जनच्या घरी जेवण होतं. डॉक्टरांचं काम काय ते यजमानांना त्या दिवशी नीट कळलं आणि ते मोठ्याने म्हणाले, "म्हणजे परक्या मुलखातून चिकटून आलेल्यांना तुम्ही हुडकून काढता! अहो, मग आपण सगळे कोण?" सगळे हसले. मीही हसले. डॉक्टर हसले नाहीत. "मी विमानाने आलो," ते म्हणाले. "नोकरीचं पत्र घेऊन, स्वतः ठरवून." आणि पुन्हा वरणभात कालवायला लागले.

परतताना आम्ही त्यांच्याच गाडीत होतो. गाडी चालवता चालवता ते एकदम म्हणाले, "ताई, माणसाचं उदाहरण त्यांना देऊ नये आणि त्यांचं माणसाला देऊ नये. दोघांवर अन्याय होतो. त्या बिचाऱ्यांना कोणी विचारलेलं नसतं. जहाज नेतं आणि ते जातात."

"अहो, पुढे बघा," वहिनी म्हणाल्या.

आता त्या दुपारची गोष्ट सांगते. तिच्यामुळे सगळंच बदललं.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. अतिपूर्वेकडून आलेलं एक मालवाहू जहाज चार दिवस गोदीत होतं. बूड खरवडून, धुऊन, लालभडक रंग देऊन झालं होतं. आमची पाहणीही झाली होती. दुपारच्या भरतीला गोदीत पाणी सोडून जहाज बाहेर काढायचं होतं. सगळे वर निघाले. डॉक्टर तेवढे मागे राहिले, कारण एक जागा त्यांनी बघितली नव्हती. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात, त्यासाठी जहाजाच्या पोटात एक जाळी लावलेली खोल पेटी असते. ती आमच्या कंत्राटात नव्हती. डॉक्टरांनी जाळीतून टॉर्च मारली.

मी पायऱ्यांवर होते. खालून हाक आली, "ताई, जरा या."

जाळीमागे ओलसर अंधारात काहीतरी सरसरलं. मग दिसलं. छोटे, चौकोनी पाठीचे, पायांवर पट्टे असलेले खेकडे. चार दिवस पाण्याशिवाय, पण झकास जिवंत. डॉक्टरांनी लांब चिमट्याने एक बाहेर ओढला आणि उलटा करून माझ्यापुढे धरला. पोटाखाली अंड्यांचा पुंजका. मालवणला आम्ही अशीला भरलेली कुर्ली म्हणतो.

"आपल्याकडची नाही ही," मी म्हणाले.

"तुमच्याकडची नाही आणि यांच्याकडचीही नाही," डॉक्टर म्हणाले. "तासाभरात पाणी सोडतील. मग ही अंडी आणि हे बंदर."

आम्ही वर जाऊन मॅनेजरला सांगितलं. उंच, लाल चेहऱ्याचा माणूस, मनाने वाईट नव्हता. पण पुढचं जहाज बाहेर नांगर टाकून उभं होतं. तो म्हणाला, "डॉक्टर, विथ रिस्पेक्ट, खेकडे तर खेकडे. बंदरात आधीच हजारो आहेत."

"हे ते नाहीत."

"जाळीचे बोल्ट लावून, रंग देऊन झालंय. परत उघडा म्हणून सांगणारा एखादा नियम दाखवा, लगेच उघडतो."

नियम नव्हता. डॉक्टरांनी पाहणीसाठी बरोबर आणलेली आपली घडीची खुर्ची उचलली आणि शांतपणे पायऱ्या उतरायला लागले. मला वाटलं, राहिलेलं सामान आणायला चाललेत. ते खाली गेले, जाळीच्या बरोबर खाली खुर्ची उघडली आणि बसले. मग वर बघून, ओरडावं लागत असूनही अदबीने म्हणाले, "गोदीत माणूस असताना पाणी सोडता येत नाही. हा नियम आहे ना?"

मॅनेजर आधी हसला. मग ओरडला. मग फोनकडे धावला. दहा मिनिटांनी त्याने रिसिव्हर माझ्या हातात दिला. पलीकडे आमचा डायरेक्टर होता. "त्याला वर आण," तो म्हणाला. "पाच मिनिटांत. नाहीतर तुम्हा दोघांनाही उद्यापासून यायची गरज नाही."

मी पायऱ्या उतरायला लागले. नवऱ्याची नोकरी सहा-सहा महिन्यांची. माझं काँट्रॅक्ट वर्षावर्षाचं, आणि या वर्षाचं संपत आलं होतं. उतरताना मी मनात वाक्यं जुळवत होते. सर, आपण प्रयत्न केला. सर, रिपोर्टमध्ये कडक लिहू. त्यांच्यापाशी पोहोचले तेव्हा मघाशी काढलेला तो खेकडा त्यांच्या हातमोज्यावर होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही असा हा माणूस नव्हे. रांग मोडणाऱ्यालासुद्धा ते 'आपलं चालू द्या' म्हणायचे.

"फोन आला असेल," ते म्हणाले.

"आला."

"तुम्ही वर जा ताई. तुमची नोकरी कच्ची आहे. मी सांगेन, तुम्ही मला समजावलंत म्हणून."

मी काय बोलणार होते ते सगळं विसरले. म्हणाले, "बादली कुठे आहे?"

मी हाताला लागलेला एक पाना घेऊन, जाळीला लटकून दोन बोल्टांवरचा ओला रंग पुसत होते. तेव्हा मागून दुसरा पाना पुढे आला. गोदीतला एक म्हातारा फिटर होता. मॅनेजरने आम्हाला बाहेर काढायला पाठवलेला. "बाई, तो पाना त्या बोल्टला लागत नाही," तो म्हणाला. "सरका." आणि त्याने एकामागून एक बोल्ट सोडवायला घेतले. जाळी निघाली. मग डॉक्टर खांद्यापर्यंत त्या पेटीत शिरले आणि चिमट्याने, हाताने, ब्रशने एकेक खेकडा बाहेर काढू लागले. फिटर टॉर्च धरून कोपरे दाखवत होता. मी बादलीवर ओलं पोतं दाबून धरलं होतं, कारण ती पोरं सारखी वर चढत होती.

वर कठड्यावर खलाशी जमले होते. त्यांच्यातला एक बुटका, गोल चेहऱ्याचा माणूस खाली उतरून आला. जहाजावरचा फिलिपिनो खानसामा. त्याने पोतं उचलून बघितलं आणि त्याचे डोळे चमकले. मोडक्या इंग्रजीत त्याने विचारलं, "सर, हे टाकणार? की मी घेऊ?"

मी डॉक्टरांकडे बघितलं. त्या बादलीचं करायचं काय, हा प्रश्न आमच्यापुढे होताच. डॉक्टरांच्या आयुष्यात असा प्रसंग आला नव्हता.

"उकळणार?" त्यांनी विचारलं.

"उकळणार, सर."

"किती वेळ?"

"दहा मिनिटं."

"वीस," डॉक्टर म्हणाले. "आणि मी समोर उभा राहणार."

फिटरने जाळी परत बसवली आणि गोदीत पाणी यायला लागलं. जहाज भरतीला निघायच्या आत, वाफेने भरलेल्या त्या छोट्या स्वयंपाकघरात डॉक्टर घड्याळ हातात धरून पातेल्यासमोर वीस मिनिटं उभे होते. आम्हाला जेवायचा आग्रह झाला. खलाशांनी खेकडे फोडले. मला एक दिला, मी खाल्ला. चवीला बरा होता. डॉक्टरांनी पांढरा भात घेतला आणि त्यावर टोमॅटो सॉस घालून खाल्ला. खानसाम्याने विचारलं, "सर, एक तरी?" डॉक्टर म्हणाले, "आज विशेषतः नको."

भरती ओसरायच्या आत जहाज बाहेर पडलं. उशीर असा कोणाला झाला नाही. तरी गोदीने लेखी तक्रार केलीच. आमची नोकरी गेली नाही, पण कंपनीचं पत्र आलं. इथून पुढे डॉक्टरांनी गोदीत उतरायचं नाही, ऑफिसात बसून दुसऱ्यांचे रिपोर्ट तपासायचे. गोदीतलं काम माझ्याकडे आलं. हे मला इतकं लागलं, की दोन दिवस मी त्यांच्या समोर जायचं टाळलं. तिसऱ्या दिवशी तेच माझ्या टेबलाशी आले आणि त्यांचं भिंग माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "याची काच डाव्या बाजूला जरा फसवते. लक्षात ठेवा."

पुढचं दीड वर्ष ते ऑफिसात टेबलाशी बसत होते, इस्त्रीचा बॉयलर सूट घालून. कोणी विचारलं तर म्हणायचे, "न जाणो, बोलावतील." कोणी बोलावलं नाही. मी संध्याकाळी गोदीतून काहीतरी डब्यात घालून आणायचे. ते दिवा ओढून घेऊन बघायचे आणि 'अगं' म्हणून हाक मारायचे. नंतर त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. आता दर रविवारी ते आणि वहिनी सँडविचचा डबा घेऊन किनाऱ्यावरच्या कुठल्या ना कुठल्या मरीनात जातात, असं ऐकू यायचं. हौशी लोकांच्या बोटी बांधून ठेवतात तिथे, तरंगत्या फळ्यांच्या धक्क्याखाली वाकून बघत बसायला.

असाच मार्चमधला एक रविवार. दुपारी फोन वाजला. मागे वाऱ्याचा आवाज होता. डॉक्टर फोन बॉक्समधून बोलत होते.

"ताई, मोठे डबे असतील तेवढे घेऊन या. आणि तुमच्या मिस्टरांनाही आणा, हात लांब आहेत त्यांचे."

आम्ही पोहोचलो तर डॉक्टर धक्क्यावर पालथे, एक हात खांद्यापर्यंत पाण्यात. ते घसरू नयेत म्हणून वहिनी त्यांच्या पोटऱ्यांवर बसल्या होत्या आणि वर्तमानपत्र वाचत होत्या. मी डॉक्टरांशेजारी आडवी झाले आणि खाली बघितलं. धक्क्याच्या कडेला तपकिरी, हातभर लांब पानं पाण्यात हलकेच डुलत होती. मधून जाड शीर, बुडाशी झालरीसारख्या चुण्या. जपानकडचं शेवाळ. तिकडे सूपमध्ये घालतात. आम्ही ते एक-दोनदा बघितलं होतं, पण जहाजाला चिकटून सुकलेलं, अर्धमेलं. हे इथे रुजलं होतं.

"किती आहे?" मी विचारलं.

"या धक्क्याला सगळीकडे. पलीकडेही असणार."

ते पाण्याकडेच बघत होते. मला वाटलं, त्यांना आता राग येईल, नाहीतर मी म्हणत होतो ना, असं तरी म्हणतील. ते म्हणाले, "देखणं आहे हो. असं पाण्यात जिवंत मी कधी बघितलंच नव्हतं." मग अगदी हळू, "माझ्या हाताखालून गेलेल्या एखाद्या जहाजाने आणलं असेल का?"

मी नाही म्हणणार होते, पण त्यांच्यापुढे खोटं बोलवेना. "असेलही," मी म्हणाले. "कदाचित माझ्या हाताखालून गेलेल्या."

वहिनींनी वर्तमानपत्र खाली घेतलं. "अहो, शेकडो जहाजं येतात. तुम्ही एकटे कुठे कुठे पुरणार होता?"

"एकटा नव्हतो," डॉक्टर म्हणाले. "या होत्या."

त्यांनी सँडविचच्या डब्यातली लोण्याची सुरी घेतली आणि पहिल्या रोपाच्या मुळाशी लावली. "पान तोडून उपयोग नाही. बुडाची ही झालर निघाली पाहिजे, बी तिच्यात आहे." माझ्या नवऱ्याने कोट काढला, बाह्या वर केल्या.

"सगळं निघणार आहे का आज?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"उद्या?"

"नाही. आता ते कधीच सगळं निघणार नाही."

वहिनी उठल्या, वर्तमानपत्र अंथरून आपल्या चांगल्या कोटासकट त्यांच्या दुसऱ्या बाजूला पालथ्या झाल्या आणि पाण्यात हात घातला. "बाई गं, काय गार आहे," एवढंच म्हणाल्या. अंधार पडायला अजून दोन तास होते. आम्ही चौघं ओळीने पडून मुळं सोडवत होतो, पान वर आलं की मागे डब्यात टाकत होतो.

कुत्रं घेऊन चाललेला एक गृहस्थ आमच्यापाशी थांबला. चार माणसं पालथी, हात पाण्यात. काळजीने त्याने विचारलं, "काही हरवलंय का तुमचं?"

डॉक्टरांनी मान वळवली. दाढीला पाणी लागलं होतं, चेहरा थंडीने लाल झाला होता.

"नाही," ते अदबीने म्हणाले. "सापडलंय."

आणि पुन्हा खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला.